मोठो म्हणजे तीन

आदिवासी बोलींसाठी वाचनपुस्तिका, शब्दकोश आणि लिपीचे आराखडे तयार करणाऱ्या राज्यातल्या सर्व अधिकाऱ्यांस आणि तज्ज्ञांस,

सप्रेम नमस्कार.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात पहिली-दुसरीला शिकवतो. जळगाव म्हटलं की माणसं केळ्यांचा भाव विचारतात, ते खानदेशातलं. आमचं जळगाव सातपुड्याच्या पायथ्याला आहे. त्या डोंगराच्या कडेकडेनं सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशी मोजकी गावं आहेत, तिथं निहाली बोलली जाते. बोलणारे सगळे मिळून दोनेक हजार. आठवडी बाजाराला तालुक्याच्या गावी याहून जास्त गर्दी असते.

पत्राला निमित्त जुनं आहे. इथं आलो त्या वर्षी पहिलीच्या मुलांना चिंचोके मोजायला बसवलं होतं. एक मुलगी एकेक चिंचोका पुढे सरकवत म्हणाली, "बिडुम, इरार, मोठो, नालो", आणि मग थेट "पाच, सहा, सात". मी थांबवलं. म्हटलं, "मोठो नाही गं, मोठा म्हण. आणि तीन कुठे गेला?" तिनं चिंचोके मुठीत घेतले आणि गप्प बसली. ती पुढे पंधरा दिवस गप्पच होती. मी तिच्या नोंदीत लिहिलं, 'अंकांचा क्रम चुकतो.' शेवटी शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींनी सांगितलं, "गुरुजी, मोठो म्हंजे तीन."

क्रम माझा चुकला होता. त्या मुलीचं सगळं बरोबर होतं.

त्या मोजणीत काय काय होतं ते मला पुढे वाचून कळलं. बिडुम हा एक तिच्या स्वतःच्या भाषेचा. इरार, मोठो, नालो हे द्रविड वळणाचे; कन्नडमधले एरडु, मूरु, नाल्कु शेजारी ठेवून बघा. आणि पाचापासून पुढचे आपले, म्हणजे मराठी-हिंदीचे. सात चिंचोक्यांत तीन घराणी मांडून ठेवली होती तिनं जमिनीवर, आणि मी त्यात एक काना शोधत होतो.

आपण तज्ज्ञ आहात, तेव्हा निहालीचं वेगळेपण मी आपल्याला सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात स्टेन कोनोव यांनी १९०६ साली निहालीला मुंडा या आदिवासी भाषांच्या कुळात, शेजारच्या कोरकू भाषेजवळ बसवलं. १९५७ मध्ये सुधिभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष फिरून टिपणं छापली, आणि १९६२ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनचे संस्कृतचे मोठे अभ्यासक कुइपर यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांनी शब्द निवडून बघितले. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कोरकूकडून आलेले, काही द्रविड, बरेचसे आपल्याकडचे. हे सगळं बाजूला काढल्यावरही सुमारे चौथा हिस्सा असा उरला की त्याचं भारतात कुठंच नातं लागेना. काही सर्वनामं त्यातलीच, पाणी त्यातलंच. म्हणजे शेजारणींचे दागिने पुष्कळ घातले, तरी बाई वेगळीच आहे. आज निहालीला एकाकी भाषा म्हणतात: आई नाही, बहीण नाही.

आता माझी पहिली तक्रार. विद्वानांनी कोनोव यांची चूक साठ वर्षांपूर्वी दुरुस्त केली; कागदोपत्री ती अजून चालू आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतली नोंद बघा: 'कोरकू, बोपची, मौआसी, निहाल, नाहुल, बोंधी, बोंडेया', सगळे एका ओळीत. सवलतींसाठी ते एकत्र असतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ही ओळ शाळेत पोचते तेव्हा तिचा अर्थ होतो: निहाल म्हणजे कोरकू, मग यांना कोरकूची पुस्तिका चालेल. कोरकू वाईट आहे असं नाही. २०११ च्या जनगणनेत तिचे ७ लाख २७ हजार भाषक नोंदले गेले. मेळघाटापासून बैतूल-खंडव्यापर्यंत पसरलेली ती जिवंत भाषा आहे आणि आमच्या निहाल घरांतल्या पुष्कळ माणसांना ती येतेही. पण येणं वेगळं. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतावर राबले. मालकाची भाषा मजुराला येतेच. तीच त्याच्या पोराच्या हातात 'तुझी मायबोली' म्हणून द्यायची, हे कसं वाटत असेल?

आणि जनगणनेत तर निहाली दिसतच नाही. १९७१ पासून १० हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांचे आकडे वेगळे छापत नाहीत. २०११ ला घरोघरच्या उत्तरांतून १९,५६९ नावं आली. चाळून, जुळवून १,३६९ मातृभाषा उरल्या आणि त्यातून १२१ भाषांची यादी छापली गेली. बाकीचं 'इतर'. निहाली कायम या इतरांत, आणि त्यातही प्रगणकाला नाव नीट लिहिता आलं तर. निहाली, नहाली, नाहली, निहाल अशी चार रूपं मी स्वतः कागदांवर बघितली आहेत. २०२७ च्या जनगणनेत तरी तालुक्याच्या प्रगणकांना एकच रूप लिहायला सांगा, एवढं तर फुकटात होईल.

पण मुख्य मुद्दा लिहिण्याचा आहे. निहालीला लिपी नाही. जे काही लिहिलं गेलं ते अभ्यासकांनी, रोमन अक्षरांवर टिंबं-रेघा देऊन. आशा मुंडले यांनी इथून जमवलेला शब्दसंग्रह १९९६ मध्ये एका परदेशी नियतकालिकात आला. त्या नियतकालिकाचं नाव 'मदर टंग'. ज्यांची ती मातृभाषा त्यांच्यापैकी किती जणांनी तो अंक पाहिला असेल? के. एस. नागराज यांचं निहालीवरचं पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेनं २०१४ मध्ये काढलं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी गावांत जाऊन ध्वनिमुद्रणं केली. ही सगळी मोलाची कामं आहेत. मी आज जे लिहितोय ते त्यांच्या जिवावर. फक्त त्या टिंबा-रेघांतून माझ्या पहिलीच्या मुलांना वाचता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही दमछाक होते.

मग साधा विचार येतो: देवनागरीत लिहा की. मुलं तीच शिकतात, पाटीवर तीच, फोनवर तीच. माझाही कौल देवनागरीलाच आहे. पण 'देवनागरीत लिहा' म्हणजे 'मराठी शुद्धलेखनात लिहा' नव्हे, आणि हा फरक केला नाही तर माझ्या चिंचोक्यांचा घोळ छापील पुस्तकात होईल.

दोनच शब्द घेऊन दाखवतो. निहालीत 'मी'साठी शब्द आहे 'जो'. 'तू'साठी 'ने'. आता हे दोन शब्द मराठी माणसाच्या पुढ्यात ठेवा. पहिला त्याला 'जो-तो' मधला जो वाटेल आणि दुसरा तृतीयेचा प्रत्यय. मी एकदा फळ्यावर दोन्ही लिहिले तर शाळा बघायला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "वाक्य अर्धवट का सोडलंत?" अर्धवट काही नव्हतं. मी आणि तू, दोघंही पूर्ण हजर होते फळ्यावर.

बरं, अर्थ सोडा, उच्चारातच गोम आहे. आपण मराठी लोक ज एकच लिहितो आणि दोन बोलतो. जग म्हणजे दुनिया, आणि जग म्हणजे जगत राहा. लिहायला सारखे, जीभ मात्र वेगवेगळ्या जागी लागते. चार आणि चारा यांचंही तसंच. मराठी मूल हे घरातून घेऊन येतं, त्याला सांगावं लागत नाही. निहालीचा ज अभ्यासकांच्या तक्त्यात तालव्य गटात आहे, जिभेतल्या ज सारखा. पण 'जो' असं लिहिलं की माझ्यासारखा वऱ्हाडी गुरुजी 'जोडा' मधला ज काढून मोकळा होतो. पाण्याला शब्द आहे जोप्पो. त्याचीही तीच गत. मग काय करायचं? 'ज्यो' लिहायचं का? नको, त्यात नसलेला य घुसतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक ओळ पुरे: 'या पुस्तकात च आणि ज नेहमी चिमणी आणि जीभ यांतल्यासारखे वाचावेत.' एका ओळीचं काम आहे, पण ती ओळ कुणीतरी ठरवून लिहायला हवी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणात तोंडानं म्हणून घ्यायला हवी.

दुसरी अडचण स्वरांची, आणि ती जास्त अवघड आहे. निहालीत मूळ स्वर पाच, आणि प्रत्येकाचा लांब-आखूडपणा अर्थ बदलू शकतो. देवनागरीत अ-आ, इ-ई, उ-ऊ यांना जोड्या आहेत. ए आणि ओ मात्र एकेकटे. संस्कृतात ते दीर्घच, आणि मराठीनं ते तसेच घेतले. संगणकाच्या वर्णसंचात ऱ्हस्व ए-ओ साठी ऎ आणि ऒ अशी अक्षरं आहेत खरी, पण गावातल्या कुणाच्या फोनवर ती सहज मिळत नाहीत आणि मुलांना ती छपाईची चूक वाटतात. माझी सूचना अगदी गावठी आहे. आपण 'अरेऽ' लिहितो, 'हांऽ' लिहितो. लांबवायचं असलं की ऽ देतो. ते चिन्ह मराठी वाचणाऱ्या पोरालाही कळतं. लांब ए-ओ नंतर ऽ द्या, आखूड साधे ठेवा. चुकीची वाटली तर खोडा, पण निहाली बोलणाऱ्या चार माणसांना समोर बसवून, त्यांना वाचायला देऊन खोडा. पुण्यात बसून नको.

अंत्य इकार-उकाराचं तर विचारूच नका. मराठीत शब्दाच्या शेवटी ते दीर्घ, हा नियम आम्ही मुलांच्या हाडीमाशी भिनवतो. निहालीला हा नियम लागू नाही. पण मला मुद्रितशोधक माहीत आहेत. हस्तलिखित त्यांच्याकडे गेलं की ते पहिल्यांदा शेवटच्या वेलांट्या वळवणार, मग 'मोठो'चा 'मोठा' करणार, आणि रात्री निवांत झोपणार. फोनही हेच करतो. मी मोठो लिहिलं की तो मोठी, मोठे, मोठा असे तीन पर्याय पुढे करतो, जणू काही मीच पहिलीत आहे.

आता नव्या लिपीबद्दल. मध्ये एका बैठकीत कुणीतरी उत्साहानं म्हणालं की निहालीला तिची स्वतःची लिपी करून देऊ या, अस्मिता वाढेल. उदाहरणंही दिली. ती मोठी आहेतच. रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये संथालीसाठी ओल चिकी तयार केली. मंगेई गोमांगो यांनी १९३६ मध्ये सोरा भाषेसाठी सोरांग सोंपेंग केली, लाको बोदरा यांनी हो भाषेसाठी वारांग चिती. आपल्या शेजारी बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी बनवली, आणि आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावात गोंडीचीच दुसरी, जुनी लिपी हस्तलिखितांत सापडली. या सगळ्या आज युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक वर्णसंचात आहेत. संथाली २००३ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली.

पण संथालीचे भाषक ७३ लाख. तिथं ओल चिकीत छापलं तर वाचणारा आहे, विकत घेणारा आहे, परीक्षा देणारा आहे. यावर कुणी म्हणेल, टोटोचं काय? ते खरं आहे. पश्चिम बंगालमध्ये भूतानच्या सीमेला टोटोपाडा आहे. टोटो भाषक निहालांहूनही कमी, तरी धनीराम टोटो यांनी २०१५ मध्ये लिपी केली, २०२१ मध्ये ती युनिकोडमध्ये गेली आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझा सगळा युक्तिवाद इथं कोसळावा. पण नावं परत एकदा वाचा. मुर्मू, गोमांगो, बोदरा, मसराम, टोटो. प्रत्येक लिपी घरातल्या माणसानं घरासाठी केली आहे. कुठल्या विभागानं निविदा काढून केलेली त्यात एकही नाही. उद्या सोनबर्डीतल्या एखाद्या पोरानं वहीच्या मागच्या पानावर निहालीची अक्षरं काढली तर मी स्वतः त्याच्यासाठी अर्ज लिहीन. तोवर आपण करून देऊ नये. पहिलीतल्या मुलावर मराठी एक, इंग्रजी दोन असा लिप्यांचा भार आधीच आहे. तिसरी आपल्या हौसेपोटी नको.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला बरेच दिवस लिहावीशी वाटत नव्हती. त्यांना ती लिहून हवी आहे का?

कुइपर यांनी निरीक्षण नोंदवलं आहे की निहालीचा उपयोग काही अंशी गुप्त बोलीसारखा होत असावा, बाहेरच्याला कळू नये म्हणून. चोरांची भाषा असा जुना शेराही त्याला चिकटला. तो शेरा मला खुपतो, पण त्यातला अर्धा भाग मी रोज बघतो. बाजारात व्यापारी भाव सांगतो, नवरा-बायको एकमेकांशी दोन शब्द निहालीत बोलतात, व्यापारी भाव उतरवतो. ज्यांच्याकडे जमीन नाही, कागद नाही, ओळख नाही, त्यांच्याकडे एवढं एक कुलूप आहे. मी एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, तुमची भाषा पुस्तकात आली तर चालेल का? ते विडी विझेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिवाले हरकत नाही. पण पुस्तक कोनाजवळ ठेवान?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला द्यावं लागेल, कारण आता सगळं ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर टाकायची घाई आहे. १० हजारांखालच्या भाषांसाठी केंद्राची योजना २०१३ पासून आहे, संयुक्त राष्ट्रांचं आदिवासी भाषांचं दशक २०२२ ते २०३२ चालू आहे, त्यामुळे अहवाल मागितले जाणार. मागा. पण गाणं कुठलं द्यायचं, गोष्ट कुठली द्यायची, कुठली घरातच ठेवायची, हे त्या गावांनी ठरवू द्या. घटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदात वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती असलेल्या समूहाला ती 'जतन' करण्याचा हक्क दिला आहे. जतनात दार लावण्याचा हक्कही येतो, असं मी समजतो. वकील काय म्हणतील ते ठाऊक नाही.

दुसरीकडे असे आईबापही आहेत जे मला हात जोडून सांगतात, "गुरुजी, मराठीच शिकवा, इंग्रजी शिकवा, आमचं हे घरी हाये." त्यांना मी चूक म्हणत नाही. बसस्टँडवर पोरानं निहालीत हाक मारली की आजूबाजूचे हसतात, ते त्यांनी सोसलेलं आहे. ३५०-अ अनुच्छेद प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करा म्हणतो, २०२० चं शैक्षणिक धोरणही तेच म्हणतं. पण आमच्या वर्गात निहाल, कोरकू आणि मराठी घरांतली मुलं एकाच चटईवर बसतात, आणि निहाली येणारा शिक्षक माझ्या पाहण्यात एकही नाही. म्हणून मी निहाली माध्यमाची शाळा मागत नाही. मी फार थोडं मागतोय.

पहिलीच्या सुरुवातीच्या तीन-चार महिन्यांपुरती निहाली-मराठी चित्रकार्डं द्या. शंभर शब्द पुरेत: अंक, अवयव, प्राणी, पाणी, घर, येणं-जाणं. शब्द इथल्याच बायाबापड्यांनी सांगितलेले असावेत, आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळावी. (मागे एका पाहणीत चहावर भागवलं होतं. दिवस सोयाबीन सोंगणीचे होते.) लेखनाचे नियम एका पानात बसतील एवढेच ठेवा आणि ते पान इथल्या ग्रामसभेत वाचून दाखवा. नागराज आणि मुंडले यांच्या कामातले रोमन शब्द देवनागरीत आणायचं काम एखाद्या भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला द्या, पण पडताळायला त्याला इथं पाठवा. आणि दहावी-बारावी झालेली निहाल पोरंपोरी आता गावात आहेत. त्यांच्यातल्या दोघांना मानधनावर शाळेत बसवा. त्यांच्याहून चांगला शब्दकोश आपल्याला छापता येणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. त्या मुलीनंही घेतले. ती आता सातवीत आहे, मराठी माझ्याहून सुवाच्य लिहिते, आणि निहालीत मोजताना मी समोर आलो की आवाज खाली आणते. ती सवय मीच लावली.

मी घरी पुठ्ठ्याची कार्डं कापून ठेवली आहेत. मराठी बाजू लिहून झाली. दुसऱ्या बाजूला पेन्सिलनं तीन ठिपके काढलेत आणि खाली 'मोठो' लिहिलं आहे. बाकीची कोरी आहेत. आमच्याकडे विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. त्याआधी कळवावं.

आपला,
एक प्राथमिक शिक्षक
तालुका जळगाव जामोद, जिल्हा बुलढाणा